राउटरमधली त्रुटी: जाहीर करावी की झाकावी?

घरगुती राउटरमधली सुरक्षा त्रुटी जाहीर करणं म्हणजे चोरांना वाट दाखवणं, असं पुष्कळांना वाटतं. पण ती वाट आधीपासूनच उघडी असते, आणि ती शोधणारा पहिलाच असेल असंही नाही. चेक पॉइंट या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘मिसफॉर्च्युन कुकी’ ही त्रुटी जाहीर केली, तेव्हा जगभरातली १ कोटी २० लाख उपकरणं धोक्यात होती. मूळ सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी दुरुस्ती २००५ मध्येच केली होती. राउटर कंपन्या मात्र जुनीच आवृत्ती घालून माल विकत राहिल्या.

म्हणून सापडलं की लगेच सगळं खुलं करावं, हाही गैरसमजच. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी आयर्लंडमधल्या एका मोडेमची त्रुटी हल्ल्याच्या तयार कोडसकट प्रसिद्ध झाली. तीन आठवड्यांच्या आत तेच तंत्र ‘मिराई’ मालवेअरच्या नव्या अवतारात शिरलं आणि जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. त्यांच्या राउटरमध्ये ती त्रुटी नव्हतीसुद्धा. घुसखोरीच्या भडिमारानेच ते बंद पडले. ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांना भुर्दंड बसला. धोक्याची माहिती लोकांना मिळालीच पाहिजे; तयार कोड मात्र दुरुस्ती येईपर्यंत रोखून धरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

कंपनीला मुदत द्यावी, पण ती बेमुदत नसावी. त्रुटी शोधणारा गूगलचा ‘प्रोजेक्ट झीरो’ हा गट साधारण ९० दिवस देतो. नेटगियरच्या काही राउटरमधली त्रुटी ऑगस्ट २०१६ मध्ये कळवली गेली होती. डिसेंबरमध्ये ती उघड झाली, अमेरिकेतल्या सर्ट समन्वय केंद्राने ते राउटर वापरणं थांबवण्याचा सल्ला दिला, आणि मग काही दिवसांतच तात्पुरती दुरुस्ती आली. ही तत्परता आधीच दाखवता आली असती.

दुरुस्तीचा पॅच निघाला म्हणजे काम संपलं, हेही खरं नाही. अनेक राउटर स्वतःहून अपडेट होत नाहीत आणि घरात कुणी ते करतही नाही. पासवर्डचीही तीच गत. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम मालवेअरने बंद पाडले, ते कधीच न बदललेल्या मूळ पासवर्डमुळे. म्हणून त्रुटी जाहीर करताना मॉडेलचं नाव, फर्मवेअरची आवृत्ती आणि वापरणाऱ्याने आज काय करायचं, हे साध्या भाषेत लिहिलेलं असलंच पाहिजे. भारतात अशी त्रुटी सापडली, तर ती सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेकडे कळवता येते.