हाताचा हिशोब वेगळा, मनाचा वेगळा

एक छोटी डबी तांदळाने ठासून भरा. मोठ्या डब्यात थोडेच तांदूळ घाला, ते खुळखुळू नयेत म्हणून वर कापूस कोंबा आणि काट्यावर दोन्हींचं वजन अगदी सारखं करून घ्या. आता एकेक उचलून पाहा. छोटी डबी जड लागेल, आणि चांगलीच जड. वजन तुम्हीच मोजलंय, तरी लागेल! डोळे मिटून हातात धरली तरी तेच. आकार बोटांनाही कळतो.

फ्रेंच डॉक्टर ओगुस्तँ शार्पांतिए यांनी १८९१ मध्ये हा भास प्रयोगाने दाखवला. कारणही सोपं वाटत होतं: मोठी वस्तू जड असणार म्हणून आपण जास्त जोर लावतो, ती झटकन वर येते, म्हणून हलकी वाटते.

मग २००० साली कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात रँडल फ्लॅनगन आणि मायकेल बेल्ट्झनर यांनी सारख्या वजनाचे लहान-मोठे ठोकळे लोकांना पुन्हा पुन्हा उचलायला दिले आणि बोटांचा जोर मोजला. सुरुवातीला मोठ्याला खरोखरच जास्त जोर लावला जात होता. पण थोड्याच खेपांत बोटं शहाणी झाली, दोन्हींना सारखाच जोर लावू लागली. आणि माणसं? छोटा ठोकळाच जड, असं ती सांगतच राहिली. एकाच शरीरात हाताला खरं वजन ठाऊक, आणि ते मनापर्यंत पोहोचतच नाही! मला तरी याहून विलक्षण गोष्ट सुचत नाही.

मन बहुधा ‘या आकाराच्या मानाने किती जड’ एवढंच सांगत असावं. हा अंदाज जन्मभराच्या उचलाउचलीतून मुरलेला, म्हणून चिवट. पण अढळ नाही. फ्लॅनगन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना कित्येक दिवस उलट्या दुनियेतले ठोकळे हाताळायला दिले: छोटे जड, मोठे हलके. भास हळूहळू विरला आणि शेवटी चक्क उलटला, सारख्या वजनात मोठाच जड वाटू लागला.

याहून पुढची गंमत तीन एकसारख्या खोक्यांची. एक जड, दोन अगदी हलकी. तिन्ही एकावर एक रचून उचला, मग जड खोकं एकटंच उचला. एकटं खोकं तिन्हींपेक्षा जड लागतं. ते त्या तिन्हींतलंच एक असतं, तरीही.