शिडाला ठिगळ, पण गोल!

दोस्तांनो, नारायण पेठेतल्या गच्चीवर पतंग फाटला, की भाताचं शीत लावून ठिगळ चिकटवता ना? १९८४ साली ऑलिंपिकमध्ये आलेल्या विंडसर्फिंगच्या शिडाचंही तसंच! चीर बोटभर असतानाच सांधायची. नाहीतर वाऱ्यानं ती वाढते आणि शीड भर पाण्यात दगा देतं.

आधी गोड्या पाण्यानं मीठ धुऊन शीड वाळवा. सपाट पसरून चिरेच्या कडा जुळवा. शिडाची चिकटपट्टी चिरेहून मोठी कापा, कोपरे गोल करा. का? टोकदार कोपऱ्यातून पट्टी आधी सुटते! मग दोन्ही बाजूंनी चिकटवून मधून कडेकडे घासा, बुडबुडे निघून जातील. शिवण उसवली असेल, तर मात्र शिडं शिवणाऱ्या कारागिराकडेच न्या.

पुढच्या संक्रांतीला पतंगाचं ठिगळही गोल कापून बघा!