लव्हाळा मारायचा तो उन्हाळ्यात

दुबई, शारजा, अबूधाबीच्या व्हिलांमध्ये फुलांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. पिटुनिया, झेंडू लावून होतात न होतात तोच मधून तकतकीत पातीचा, तीनधारी दांड्याचा लव्हाळा वर येतो आणि सगळा हिवाळा तो उपटण्यात जातो. ही मेहनत बरीचशी वाया जाते, कारण लढाई चुकीच्या ऋतूत चाललेली असते. अमिरातीत लव्हाळा मारायचा तो जून ते ऑगस्टमध्ये, वाफे रिकामे असताना, आणि तोही पाणी तोडून.

या तणाचा जीव पातीत नसून जमिनीखालच्या कंदांत असतो. लिरॉय होम आणि सहकाऱ्यांनी 1977 साली जगातल्या सर्वांत वाईट तणांवर ग्रंथ लिहिला, त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा होता. बहुतेक कंद वरच्या वीतभर मातीत असतात आणि बारीक धाग्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. साखळी अखंड असेपर्यंत टोकाचा कंद फुटतो आणि बाकीचे बरेचसे निजून राहतात. पात उपटली की धागा तुटतो, कंद खालीच राहतो आणि निजलेल्यांनाही जाग येते. त्यात ठिबकचं पाणी रोज ठरल्या वेळी मिळत असेल तर एकाचे चार व्हायला कितीसा वेळ लागणार? वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या देशात हे तण आपण आणलेल्या मातीतून, खतातून, रोपवाटिकेतल्या कुंडीतून येतं आणि आपल्याच नळावर जगतं. (दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा म्हणजे हेच कंद, पण त्यासाठी कोणी वाफा राखून ठेवत नाही.) महापुरात वाचणारा लव्हाळा मराठी माणसाला तुकोबांमुळे ठाऊक आहे. मात्र कोरड्या उन्हापुढे त्याचं काही चालत नाही. माती उकरून कंद उघड्यावर पडले आणि त्यांना पाणी मिळालं नाही, तर ते सुकून मरतात. पारा 45 अंशांपर्यंत जाणारं ऊन आणि पाणी धरून न ठेवणारी वाळू, दोन्ही इथे फुकट आहेत. खणून पाणी दिलं तर लव्हाळा वाढतो, खणून कोरडं ठेवलं तर मरतो.

यावर पहिला आक्षेप असा की वाफ्यातली बोगनवेल, चाफा उन्हाळ्यात पाण्यावाचून कसे जगतील? आक्षेप रास्त आहे. झाडांची ठिबकनळी वेगळी करावी आणि हंगामी फुलांच्या नळीचा व्हॉल्व्ह तेवढा बंद ठेवावा. झाडाच्या आळ्यात लव्हाळा उरेल, पण तो नजरेसमोर आणि आवाक्यात उरेल. दुसरा उपाय सुचवला जातो तो काळ्या प्लास्टिकचा. इतर तणांना तो चालतो, पण लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि पातळ प्लास्टिक भोकसून वर येतो. तणनाशकाचं म्हणाल तर ग्लायफोसेट पातीतून जोडलेल्या कंदापर्यंत पोहोचतं, पण निजलेल्या कंदांना त्याची झळ लागत नाही, आणि वाऱ्याने उडालेला फवारा शेजारच्या फुलझाडालाही मारतो. घरच्या बागेत एवढी जोखीम घेण्याचं कारण मला दिसत नाही. मग हिवाळ्यात उपटूच नये का? उपटावं, पण दर दोन-तीन आठवड्यांनी, नेमाने, म्हणजे कंदातला साठा खर्च होत राहतो. महिनाभर विसरलात तर नवे कंद धरलेले असतात. फुलझाडंही दाट लावावीत, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही.

एका उन्हाळ्यात सगळं निपटेल असं मात्र नाही. खोलवरचे काही कंद वाचतात आणि शेजारच्या भिजत्या हिरवळीतून नवे धागे सरकत येतात. म्हणून मे अखेरीस फुलं संपली की व्हॉल्व्ह बंद करा, माती वीतभर उकरा, सापडतील ते कंद वेचून कचऱ्यात टाका (कंपोस्टमध्ये नकोत) आणि दर पंधरा दिवसांनी माती खालीवर करा. पुढच्या उन्हाळ्यातही हेच करा. आणि ऑक्टोबरात नवी कुंडी आणाल तेव्हा रोप वाफ्यात लावण्याआधी तिची माती बोटांनी चाचपून पाहा.