अर्धं गवत, अर्धी माती

टेनिसचा चेंडू कुठल्या खेळासाठी असतो? कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीत हा प्रश्न विचारला, तर दहातली नऊ पोरं बिनदिक्कत सांगतील, "क्रिकेटसाठी!" त्यांचं तरी काय चुकलं? गावोगावी टेनिस बॉलच्याच मॅची रंगतात. दव पडलेल्या गवतावर चेंडू सपकन घसरत येतो आणि कडक खेळपट्टीवर छातीपर्यंत उसळतो, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आज हा चेंडू ज्या खेळातला आहे, त्या खेळाकडे जाऊ. कारण तिथे या घसरण्या-उसळण्यावर भल्याभल्यांच्या विजेतेपदाचा निकाल लागतो.

टेनिसच्या चार सगळ्यांत मोठ्या स्पर्धा तीन तऱ्हांच्या जमिनींवर होतात. मेलबर्न आणि न्यूयॉर्कला कडक कोर्ट, पॅरिसला तांबडी माती, लंडनच्या विम्बल्डनला गवत. तेही कसं? मोजून 8 मिलिमीटर उंचीवर कापलेलं!

पॅरिसची तांबडी माती मुळात माती नाहीच बरं का. वीटभट्टीवरच्या तुटक्या विटा कुटल्या की जो भुगा निघतो, तसला भुगा तिथे पसरतात. थर असतो जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा आणि खाली चुनखडीचा टणक पाया. म्हणून नांगरलेल्या वावरात चेंडू जसा गप्पकन बसतो, तसा तिथे बसत नाही.

आता एक प्रयोग करा. शाळेच्या गुळगुळीत फरशीवर चेंडू तिरका फेका. मग बारीक वाळू पसरलेल्या टणक अंगणात तितक्याच जोरानं आणि तसाच तिरका फेका. मित्राला बाजूला उभं करून कुठला चेंडू जास्त वर गेला ते बघायला सांगा.

उसळीत असा फरक का पडतो? चेंडू जमिनीला टेकतो तो किती वेळ? एका सेकंदाचे दोनशे तुकडे करा, त्यातला साधारण एक तुकडा. तेवढ्यात काय काय घडतं! चेंडू पुढे सरकू बघतो आणि जमीन त्याला मागे ओढते. हे ओढणं म्हणजे घर्षण. विटेच्या भुग्यावर घर्षण जास्त. चेंडूपुढे कणांचा इवलासा ढीग साचतो, चेंडूचा पुढचा वेग कमी होतो आणि तो त्या ढिगावरून वर चढतो. खेळाडूला धावत जाऊन चेंडू गाठायला सवड मिळते. गवताची पाती मात्र निसरडी. चेंडूचा वेग फारसा कमी होत नाही, उसळीही बेताची. खेळाडूनं रॅकेट मागे नेईपर्यंत चेंडू गुडघ्याखालून पसार!

या उसळीचा सगळ्यांत चांगला उपयोग करून घेतला तो स्पेनच्या राफेल नदालनं. हा गडी एरवी उजवा, पण टेनिस खेळायचा डाव्या हातानं. तो रॅकेट खालून वर अशी झपकन फिरवायचा, की चेंडू पुढच्या दिशेनं गरगर फिरत जायचा. अभ्यासकांनी मोजलं, तर मिनिटाला सरासरी 3200 फेऱ्यांचा हिशेब लागला. असा फिरता चेंडू हवेतून झपकन खाली येतो आणि पडल्यावर तितकाच ताडकन वर उसळतो. त्यात विटेचा भुगा मिळाला की विचारूच नका.

पलीकडे उभा स्वित्झर्लंडचा रॉजर फेडरर. विम्बल्डन आठ वेळा जिंकलेला, एका हातानं सुंदर बॅकहँड, म्हणजे उलट्या हाताचा फटका, मारणारा. डावखुऱ्या नदालचा तिरका फटका बरोब्बर त्या बॅकहँडवर जायचा आणि उसळून खांद्यापर्यंत यायचा. एका हातानं खांद्याच्या उंचीवरचा चेंडू जोरात मारून बघा, मनगट कुरकुरेल! गवतावर तोच चेंडू कमरेखाली राहायचा आणि फेडररला मोकळं रान मिळायचं. दोघांच्या 40 सामन्यांपैकी 24 नदालनं जिंकले. पण जमिनीप्रमाणे हिशेब मांडला की चित्र पालटतं. मातीवर नदाल 14, फेडरर 2. गवतावर फेडरर 3, नदाल 1. कडक कोर्टवर फेडरर 11, नदाल 9. मग दोघांत थोर कोण? मला तर हा प्रश्नच अर्धवट वाटतो.

लोकांनाही तसंच वाटलं असणार, कारण 2 मे 2007 रोजी स्पेनच्या माजोर्का बेटावर एक अचाट प्रकार झाला. जाळीच्या एका बाजूला गवत आणि दुसऱ्या बाजूला माती असं कोर्ट बांधलं! तोवर नदाल मातीवर सलग 72 सामने जिंकलेला, फेडरर गवतावर सलग 48. ऐन वेळी गवतात अळ्या पडल्या आणि ते बदलावं लागलं. बाजू बदलताना दोघे बसून बूट बदलायचे, कारण गवताचे बूट वेगळे, मातीचे वेगळे. नदाल जिंकला, पण कसाबसा : 7-5, 4-6, 7-6.

थांबा, जमीन हेच सगळं असतं तर पॅरिसला नदाल कधी हरलाच नसता. तिथे तो 112 सामने जिंकला आणि फक्त चार हरला. त्यांतला पहिला पराभव 2009 मधला, स्वीडनच्या रॉबिन सॉडरलिंगकडून. सॉडरलिंग सव्वासहा फुटांहून उंच. फेडररच्या खांद्याशी येणारा चेंडू याला आयताच मिळायचा, मग तो सपाट फटके हाणायचा. फायनलला सॉडरलिंगसमोर आला फेडरर, ज्याला तो तोवर एकदाही हरवू शकला नव्हता. तेव्हाही नाहीच हरवू शकला! म्हणजे बघा, पॅरिसच्या मातीत फेडररला नदाल भारी, नदालला त्या दिवशी सॉडरलिंग भारी आणि सॉडरलिंगला फेडरर भारी. फेडररनं पॅरिसची स्पर्धा जिंकली ती तेवढी एकदाच.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर आपल्या कोल्हापुरातच बघा की. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत लाल मातीचा हौदा असतो. मल्ल अनवाणी उतरतो आणि अंगाला माती चोळतो. घामानं निसटणारी पकड मातीमुळे बसते. पुन्हा घर्षणच! ऑलिंपिकमधली कुस्ती मात्र मॅटवर, म्हणजे गादीवर. तिथे माती नाही, पायात बूट आणि तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. मातीत चितपट झाल्याशिवाय खरा निकाल नाही, म्हणून दमसास लागतो. मॅटवर गुणांचा खेळ, म्हणून चपळाई लागते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत तयार झालेला हा मल्ल तिथे मॅटवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत, पुन्हा मॅटवरच, खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आणि 2022 मध्ये कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या 14 वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेत खेळली, त्या 8 मिलिमीटरच्या गवतावर.

तुमच्या ओळखीत तालमीत जाणारं कुणी असेलच. त्यांना एवढंच विचारा : पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायला, माती बरी की मॅट? आणि का? उत्तर आलं की आम्हाला पोस्टकार्डावर कळवा.