संत्र्याची साल आणि पाणीपेपर

नागपूर–नागभीड छोटी लाईन २०१९ मध्ये बंद झाली. नागपुरातल्या मोतीबागेच्या नॅरो गेज रेल्वे संग्रहालयातून घरी आलं की निदान छोटा डबा तरी घडवावा, म्हणून हात शिवशिवतात. डबा घडतो, रंगतो. पण रंगावर पाणीपेपर, म्हणजे भिजवून वापरायचा घासकागद, फिरवायची वेळ आली की काही जण घाबरतात, काही भलताच जोर लावतात.

गैरसमज: रंग नीट मारला तर घासावं लागत नाही.
वस्तुस्थिती: १:८७ प्रमाणात ०.१ मिलिमीटरचा धुळीचा कण म्हणजे खऱ्या डब्यावर जवळपास ९ मिलिमीटरचा फोड. त्यात मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा फवाऱ्याचे थेंब पसरून एकजीव होण्याआधीच सुकतात. डबा उजेडात तिरका धरा, संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसतील. इंग्रजीतही या दोषाला संत्र्याची सालच म्हणतात.

गैरसमज: जोरात घासलं की चकाकी येते.
वस्तुस्थिती: प्रत्येक पेपर आधीचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे, आणखी बारीक, मागे ठेवतो. ते डोळ्याला दिसेनासे झाले की रंग चकाकतो. म्हणून आधी १५००, मग २०००, शेवटी पॉलिश. पाणी रंगाची पूड वाहून नेतं, पेपर तुंबू देत नाही. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा. जोर बोटाच्या वजनाइतकाच पुरे.

नंबरही पारखून घ्या. ‘पी २०००’चे कण सुमारे १० मायक्रॉनचे असतात, तर ‘पी’ नसलेल्या जुन्या अमेरिकी मापात १००० नंबरचेच ९ मायक्रॉनच्या आसपास.

गैरसमज: हाताला चिकटत नाही, म्हणजे रंग वाळला.
वस्तुस्थिती: इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेत वरून आत घट्ट होतो. नागपूरच्या उन्हात साय लवकर धरते, खाली रंग मऊच असतो आणि पेपराखाली गोळा होऊन निघतो. डबा नाकाशी धरा; वास येत असेल तर थांबा, आठवडा लागला तरी.

मेटॅलिक रंग मात्र थेट घासू नये, चमकीचे कण उघडे पडून डाग दिसतात. आधी पारदर्शक लॅकरचे हात द्यावेत आणि घासायचं ते लॅकरच.

सर्वांत जास्त नुकसान कडांवर होतं. तिथे रंग मुळातच पातळ बसतो आणि पेपराचा सगळा भार त्याच रेषेवर येतो. माझ्या पहिल्या डब्याच्या छताची कड चार फेऱ्यांत उघडी पडली, खालचा करडा प्रायमर दिसू लागला. डबा पुन्हा रंगवावा लागला. तेव्हा आधी कडांना टेप लावा, मगच पेपर भिजवा.