चावंड : कडा, पायऱ्या आणि पाणी

पुणे-नाशिक महामार्गावरील कळंबहून नारायणगावमार्गे जुन्नर गाठून पुढे आपटाळ्याच्या रस्त्याला लागले, की नाणेघाटाच्या प्राचीन व्यापारी वाटेवर वचक ठेवणाऱ्या किल्ल्यांपैकी चावंड आणि त्याच्या पायथ्याची लहानशी चावंडवाडी लागते. युरोपातील मध्ययुगीन गढी हे बहुधा सरदाराचे तटबंद निवासस्थान असे. चावंडचा खरा तट मात्र डोंगराचा उभा कडाच असून, जेथे निसर्ग अपुरा पडला तेवढ्याच जागी माणसाने दगड रचला आहे.

निजामशाहीतील वारसाकलहात, 1595च्या सुमारास, बालवयीन बहादूरशहाला येथेच कैदेत ठेवले होते आणि पुढे चांदबिबीच्या पुढाकाराने तोच अहमदनगरच्या गादीवर आला. 1636च्या तहाने शहाजीराजांना जे गड मोगलांना द्यावे लागले त्यांतही चावंड होता. शिवकाळात त्याला प्रसन्नगड हे नाव मिळाले.

इंग्रजांनी 1818मध्ये सुरुंग लावून पायऱ्या उद्ध्वस्त केल्यामुळे चढाईचा मधला टप्पा आजही कातळातील तुटक खोबण्या आणि आधाराचे गज यांवरच भिस्त ठेवून पार करावा लागतो. याच वाटेवर जंबुरा, म्हणजे सहज हलवता येणारी हलकी तोफ, आधाराच्या खुंटासारखी जमिनीत उभी पुरलेली दिसते, आणि त्यापुढे गणेशशिल्प असलेला दरवाजा येतो.

गडाचे मर्म मात्र पाण्यात आहे. माथ्यावर झरा-नदी नसताना शिबंदीला, म्हणजे गडावरील सैन्याला, वेढ्यात तग धरता यावा म्हणून बेसॉल्ट खडकात टाकी, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे हौद, कोरली गेली. त्यांपैकी परस्परांना लागून असलेल्या सात टाक्यांना सप्तमातृकांच्या नावाने ओळखले जाते, आणि तेथे उतरण्यासाठी कातळातच घडवलेले प्रवेशद्वार पाहिले, की निव्वळ गरजेच्या कामातही पाथरवटांनी सौंदर्याची कास सोडली नाही हे मनोमन पटते. टाके खोदताना निघणारा दगड बांधकामाला उपयोगी पडे, त्यामुळे पाणी आणि तट यांची तरतूद एकाच श्रमात होई. माथ्यावरचे चामुंडादेवीचे मंदिर पाहून बहुतेक जण परततात. पण जवळच्या पूर गावातील कोरीवकामाने नटलेले कुकडेश्वर मंदिर, जेथे कुकडी नदीचा उगम मानला जातो, टाळले तर या परिसराची ओळख अर्धीच राहते, कारण त्याच नदीवरील माणिकडोह धरणाचा जलाशय गडमाथ्यावरून दिसतो.