मैद्यावाचून भाजलेली पक्वान्ने

वाढदिवसाच्या निमित्ताने वर्गात केक अथवा बिस्किटे वाटण्याची चाल आता खेड्यापाड्यांतील शाळांतही रूढ झाली आहे. खाऊ मिळाला की मुले हरखतात. परंतु एखादे मूल तो हातात घेऊन तसेच बसून राहते, किंवा शेजाऱ्याला देऊन टाकते. विचारल्यास ते म्हणते, "मला गहू चालत नाही." हे उत्तर पुष्कळदा लाडावलेपणाचे समजले जाते. वस्तुतः ते अगदी खरे असू शकते, आणि त्यामागील कारण शिक्षकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

गव्हामध्ये ग्लूटेन नावाचे चिवट प्रथिन असते. जवामध्येही त्याच जातीची प्रथिने असतात. बहुतेकांना ती मुळीच बाधत नाहीत. तथापि सीलिॲक नावाच्या विकारात ती पोटात गेली की लहान आतड्याच्या आतील अस्तरावर शरीर स्वतःच आघात करू लागते. अस्तर सपाट होत जाते व खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. दीर्घकाळ टिकणारे जुलाब, फुगलेले पोट, औषधाला न जुमानणारा पांडुरोग आणि खुंटलेली उंची ही त्याची नेहमीची लक्षणे होत. काही मुलांत तर उंची खुंटण्यापलीकडे दुसरे चिन्हच दिसत नाही. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी हेग येथील आपल्या रुग्णालयात अशा मुलांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले, आणि १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात गव्हाचा या विकाराशी असलेला संबंध दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात अन्नाचा भीषण तुटवडा पडला होता व पाव मिळेनासा झाला होता. त्या दिवसांतील अनुभवाने त्यांच्या मताला पुष्टी मिळाली. या विकारावर आजही आयुष्यभर ग्लूटेन वर्ज्य करणे हाच उपाय आहे. मात्र संशय आला म्हणून पालकांनी आपल्या मनाने गहू बंद करू नये. गहू आहारात असतानाच रक्ताची तपासणी केली, तरच ती खरे उत्तर देते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मैदा टाळला म्हणजे काम झाले, असे अनेकांस वाटते. मैदा, कणीक, रवा, शेवया, लापशीचा दलिया ही सर्व एकाच गव्हाची रूपे आहेत. "मैदा नाही, शुद्ध कणकेची बिस्किटे आहेत" असे वेष्टनावर छापलेले असले, तरी या मुलाच्या दृष्टीने त्यात काहीच फरक पडत नाही.

मग भाजलेल्या गोड पदार्थात मैदा असतो तरी कशासाठी? मैदा भिजवून मळला की ग्लूटेनचे जाळे तयार होते. पाव फुगताना आतील वायू याच जाळ्यात अडकतो. म्हणून पावाला ते हवेच. नानकटाईचे मात्र नेमके उलट आहे. तिच्यात जाळे जितके कमी, तितकी ती खुसखुशीत. तुपाचे मोहन घालावयाचे ते याचसाठी. पिठाच्या कणांवर तुपाचे आवरण बसले की पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही व चिवटपणा येत नाही. ज्या पदार्थात ग्लूटेनला मुद्दाम अडवावे लागते, त्यात ते मुळातच नसलेले पीठ वापरण्यास काय हरकत असावी?

कोकणातल्या गृहिणीला हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण तिच्या घरी भात पिकत होता. पावसाळ्याच्या अखेरीस वेलावर मोठी, पिवळी पडलेली तवशी, म्हणजे जून काकड्या, मिळतात. ती पडवीच्या वाशांना बांधून टांगली की पुष्कळ दिवस टिकतात. या तवशांचे धोंडस हा तेथील भाजलेला केकच म्हणावा लागेल. गोव्यात याच्या भावंडाला तवसळी म्हणतात, पण ती बहुधा वाफवतात.

धोंडसासाठी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून त्यांचा जाडसर रवा काढतात. दोन वाट्या रवा थोड्या तुपावर खमंग भाजावा. तवशाच्या बिया काढून, ते कडू नसल्याची चव घेऊन खात्री करावी व चार वाट्या कीस घ्यावा. सुटलेले पाणी फेकू नये, कारण रवा शिजावयाचा तो त्याच पाण्यात. किसात दीड वाटी गूळ, वाटीभर ओले खोबरे व चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी, रवा पेरीत सोडावा आणि मंद आचेवर घट्ट होऊ द्यावा. शेवटी वेलदोड्याची पूड घालावी. मग जाड बुडाच्या टोपाला तूप लावून, तळाशी हळदीचे पान घालून त्यावर मिश्रण थापावे. पूर्वी टोप चुलीच्या निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे पसरीत. भट्टी नसलेल्या घरात वरून-खालून सारखी आच मिळविण्याची ही युक्ती होती. आता टोपाखाली जाड तवा ठेवून तासभर मंद आच दिली तरी चालते, मात्र वरचा तांबूस पापुद्रा तितकासा चांगला येत नाही.

ग्लूटेन नसताना धोंडस एकसंध कसे राहते? हे काम तांदळातील पिष्ट करते. सुमारे ७० अंश सेल्सियस उष्णतेला पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व एकमेकांस चिकटतात. थंड होताना ते आणखी घट्ट होतात. म्हणून धोंडस गरम असताना कापले की भुगा होतो. पहिल्यांदा करणारी बहुतेक मंडळी येथेच चुकतात आणि दोष तांदळाला देतात. ते रात्री करून सकाळी कापावे.

घाटावर तवशाची तितकी चाल नाही. तेथे नाचणीची नानकटाई सोयीची. एक वाटी नाचणीचे पीठ कोरडेच मंद भाजून घ्यावे. त्यात अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर सोडा व मिसळेल तितके फेसलेले तूप, साधारण अर्धी वाटी, घालून गोळे करावे. जाड पातेल्यात मिठाचा थर तापवून, वर ताटली ठेवून झाकण लावले की वीस-पंचवीस मिनिटांत त्या भाजून होतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वाढत्या मुलाला हा लाभ मैद्यातून मिळत नाही.

एवढे करूनही एक फट उरते, ती गिरणीची. गव्हाच्या दळणानंतर लगेच नाचणी दळली की जात्याच्या पाळ्यांत अडकलेली कणीक तिच्यात उतरते, आणि सीलिॲक असलेल्या मुलाला तेवढीही बाधते. अशा घराने आपले धान्य घरीच दळावे. दिवाळीत घरचे मिश्रण बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची पद्धत शहरांत होती व काही ठिकाणी अजून आहे. बेकरीचे पत्रे मैद्याने माखलेले असतात. या मुलाची नानकटाई तेथे पाठवू नये, ती घरच्या पातेल्यातच भाजावी. वर्गात वाटावयाची झाल्यास तीच सर्वांना द्यावी, म्हणजे त्याच्यासाठी निराळा डबा उघडावा लागणार नाही.